सासरी नेलेला पाण्याचा कॅन

आमच्या घरात लग्न असो की नामकरण, जेवणं उरकून माणसं सतरंजीवर कलंडली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो कॅनचा किस्सा होऊ द्या." मग माझ्यादेखत माझीच गोष्ट सुरू होते. एक जवाई होता. नवा नवा होता. सासरी निघाला. लोक सासरी जाताना पेढे नेतात, भजी नेतात, केळीच्या मुलखात जायचं तर सफरचंदं नेतात. यानं काय नेलं? पाणी! तेही नगरपालिकेच्या नळाचं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून, खांद्यावर घेऊन, एसटीनं! इथपर्यंत आलं की लहान पोरं लोळायला लागतात. कॅन आधी गोडेतेलाचा होता, हा मसाला माझा मेहुणा शेवटी घालतो. मीही हसतो. ज्याच्या नावावर आयुष्यात दुसरा किस्सा नाही, त्यानं आहे तो जपावा.

कॅन खरा आहे, एसटी खरी आहे, खांदाही माझाच होता. सांगणारे गाळतात ते एवढंच, की त्या दिवसांत माझी तान्ही मुलगी निळी पडत चालली होती. मांडवात हे कोण सांगणार?

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी जळगावला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. शेतकरी पिशवीतून माती आणत. ती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं ढेकळं फोडायची, चाळायची आणि मग तीत काय आहे, काय नाही, ते बघायचं. मी मूळचा धुळ्याकडचा. घरात पहिली सरकारी नोकरी माझी, म्हणून माझी आई गावभर सांगे, "मना पोऱ्या सरकारी नोकरीमा शे." आणि पुढं लगेच, "करस काय, ते इचारू नका." कारण एकदा तिनं स्वतः विचारलं होतं, आणि मी माती चाळतो हे ऐकून ती हातातल्या पिठाच्या चाळणीकडं बघत राहिली होती. चाळणीच धरायची होती तर पोराला एवढं शिकवलं कशाला, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं.

त्या वर्षी आमच्या साहेबांना एक प्रश्न पडला. केळीला लोक गोण्यांनी युरिया घालतात आणि पाट फोडून पाणी देतात. त्यातलं झाड किती खातं आणि बाकीचं जातं कुठं? युरिया जमिनीत पडला की थोड्या दिवसांत त्याचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला मातीत मुक्काम करायची सवय नाही. मातीचा कण त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडं ते जातं. मुळांनी वाटेत उचललं तर उचललं, नाही तर खाली, आणखी खाली, आणि शेवटी विहिरीत. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं सावद्याच्या बाजूला. तिथं माझी सासरवाडी. "पाहुण्यांना पाठवा," सगळे म्हणाले, "प्रवासभत्ताही मिळेल आणि पुरणपोळीही."

मग मी गिरमिट घेऊन केळीच्या बागांतून हिंडू लागलो. गिरमिट म्हणजे सुताराचंच, फक्त माणसाच्या उंचीचं. साहेब त्याला ऑगर म्हणत. ते फिरवत फिरवत जमिनीत घालायचं, वरची माती एका पिशवीत, त्याखालची दुसऱ्या, अगदी खालची तिसऱ्या पिशवीत. मग त्याच मळ्यातल्या विहिरीचं पाणी बाटलीत. मी घामाघूम होऊन गिरमिटाला लोंबकळत असे आणि बांधावर माणसं जमत.

"पाव्हणे, काय हरपलं?"

"खत शोधतोय."

"खत तं आमी वर टाकतो, तुमी खाली कायले शोधता?"

यावर सगळे हसत. मीही हसे. पण प्रश्न अगदी बरोबर होता, आणि साहेबांनी त्याच प्रश्नासाठी मला पाठवलं होतं.

आता आबांविषयी सांगितलं पाहिजे. आबा म्हणजे माझे सासरे. भुसावळला रेल्वेच्या शेडात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि गावाच्या कडेला थोडी जमीन, तीत केळी, तिथंच घर. त्यांच्या लहानपणी आमच्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. त्यांची आई घडा घेऊन लांब बसून राही. कुणाला दया आली, सवड झाली, तर वरून ओतणार. आबा हे कधी आवाज चढवून सांगत नसत. म्हणत, "आमची माय बसे. लई बसे." एवढंच, आणि विषय बदलत.

नोकरी लागल्यावर त्यांनी जमीन घेतली आणि घराच्या आधी विहीर खोदली. सुट्टी मिळाली की येत, भावांना घेऊन खाली उतरत, आणि अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, वरून टोपल्या ओढत. पाणी लागलं त्या दिवशी काय झालं याविषयी दोघांत शेवटपर्यंत मतभेद होते. अक्कांचं म्हणणं, आबा ढसाढसा रडले. आबांचं म्हणणं, डोळ्यांत दगडाची कपची गेली होती.

पाणी मात्र असं होतं की काय सांगू. आमच्या धुळ्याकडच्या गावात विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजता शिजत नाही. लग्न ठरवायला आम्ही आलो तेव्हा माझ्या आईनं मुलगी बघायच्या आधी तांब्या संपवला आणि म्हणाली, "पानी गोड शे. करी टाका." मी आजही बायकोला सांगतो, तुझ्या रूपावर नाही, विहिरीवर लग्न जमलं.

आणि त्या घराची एक रीत होती. आल्यागेल्याला आधी विहिरीच्या पाण्याचा तांब्या. पाहुणा प्याला की आबा विचारणार, "कसं हाये?" पाहुण्यानं म्हणायचं, "गोड हाये, आबा." हे झाल्याशिवाय चहा नाही आणि पुढचं बोलणं नाही. मी आठवड्यातून दोनदा गेलो तरी मला विचारत. उन्हाळ्यात गावच्या नळाला पाणी येईनासं झालं की सगळं गाव आबांच्या विहिरीवर येई. ज्यांच्या घरची माणसं एकेकाळी वरून ओतायची, त्या घरच्या बायकाही हंडे घेऊन येत. आबांनी पंपाच्या पाइपाला तोटी बसवून घेतली होती. लिंबाखाली खाट टाकून बसत आणि म्हणत, "घ्या बाई, भरून घ्या. घाई नका करू." कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. कुणाला बसवून ठेवलेलंही पाहिलं नाही.

मी बाटल्या भरत हिंडतो हे कळल्यावर ते मागंच लागले. "पाव्हणे, आपल्या इहिरीचंबी न्या. तुमच्या सायबाले कळू द्या, पानी कसं राह्यते ते." मी म्हटलं, आबा, तिथं चव बघत नाहीत. ते म्हणाले, "मंग काय कामाची तुमची नोकरी?" मी बाटली भरून घेतली.

माझी बायको तेव्हा बाळंतपणाला तिथंच होती. पहिली मुलगी झाली. सगळं ठीक झालं आणि मग बायकोला टायफॉईड झाला. अंगातला ताप निघेना, दूध आटलं. डॉक्टरांनी डब्यातली दूध पावडर लिहून दिली. अक्कांनी नातीचं सगळं अंगावर घेतलं. बाईंचा हात स्वच्छ. बाटली उकळून घेणार, बूच उकळून घेणार, आणि पाणी तर नुसतं उकळून त्यांचं समाधान होत नसे. जर्मनच्या पातेल्यात वावडिंग टाकून ते चुलीवर ठेवायचं आणि निम्मं होईपर्यंत आटवायचं. त्यांच्या आईनं त्यांना असंच वाढवलं, त्यांनी आपल्या लेकरांना असंच वाढवलं. आटवलेलं पाणी बाळाला बाधत नाही. त्याच पाण्यात पावडर कालवली जाई. शेजारणी येऊन बघून जात आणि म्हणत, अक्का करतात तसं कुणाच्यानं होणार नाही.

मुलगी जन्मली तेव्हा गोरी होती. माझ्या सासरी याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण माझा रंग. मी काळा आहे हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण कोण स्वतःहून सांगतं? थोड्या दिवसांनी तिचा रंग मातकट दिसू लागला. माझी आई धुळ्याहून नात बघायला आली होती. तिनं दुपटं बाजूला केलं, निरखून पाहिलं आणि जाहीर केलं, "बठ्ठी बापवरच गई व माय!" सगळं घर हसलं. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुमचा रंग पक्का हो, धुतला तरी जात नाही. मी म्हटलं, असू द्या, बापाची काहीतरी खूण नको का? तेव्हापासून पोरीचा रंग हा घरातला विनोद झाला. ती दिवसेंदिवस काळवंडत गेली आणि आम्ही दिवसेंदिवस हसत गेलो.

हसणं थांबवलं ते माझ्या बायकोनं. तापातून नुकती उठून बसू लागली होती. एका रविवारी मी गेलो तर म्हणाली, "अहो, इकडं या. हिची नखं बघा."

मी बघितली. इवलीशी नखं, आणि जांभूळ खाल्ल्यासारखी. ओठही तसेच. रंग काळा असला तरी नखं जांभळी नसतात, हे मला माझ्या हाताकडं बघून समजायला हरकत नव्हती.

"रडतही नाही आता," बायको म्हणाली. "आधी घर डोक्यावर घ्यायची."

त्याच दिवशी सावद्याला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावली. म्हणाले, हृदयाचं काही असू शकतं, जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. चिठ्ठी दिली. जळगावचे डॉक्टर बाहेरगावी गेलेले, गुरुवारी येणार. बायकोला अजून धड चालवत नव्हतं, म्हणून दोघी तिथंच राहिल्या आणि मी सोय बघायला परत आलो. एसटीत खिडकीशी बसून मी पोरीच्या हृदयाचा विचार करत होतो. भुसावळ कधी गेलं कळलं नाही.

सोमवारी कामावर गेलो, कारण दुसरं काय करावं सुचेना. पाण्याच्या बाटल्या तपासायच्या राहिल्या होत्या. ती तपासणी अशी, की प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी मोजून चिनी मातीच्या वाटीत घ्यायचं आणि वाफेवर ठेवायचं. पाणी उडून जातं. तळाला पांढरट चट्टा राहतो. त्यावर आम्ल, मग पुन्हा शुद्ध पाणी, मग अमोनिया. नायट्रेट असेल तर पिवळा रंग येतो. जितकं जास्त, तितका गडद. काचेच्या नळ्या ओळीनं लावल्या की नुसत्या डोळ्यांनीही कळतं. तुलनेला मी आमच्या खोलीच्या नळाचं पाणी घेत असे. गढूळ, औषधाच्या वासाचं, ज्याला आम्ही सकाळी उठून आधी शिव्या द्यायचो ते. त्याची नळी जवळजवळ बिनरंगाची. केळीच्या मळ्यांतल्या नळ्या एकेक करून पिवळ्या होत गेल्या. आणि त्यांत एक सगळ्यांत गडद, हळद कालवल्यासारखी.

साहेब मागं येऊन उभे राहिले. "ही कुठली?"

"सावद्याजवळची."

"नुसती भिजवणीची विहीर असेल."

"पितात, साहेब."

"पितात?" त्यांनी नळी उजेडात धरली. "मोठ्यांना लगेच काही होत नाही. पण त्या घरात तान्हं मूल नाही ना? वरच्या दुधावरचं? फार लहान मुलांच्या रक्तात हे शिरलं तर रक्त हवा धरत नाही. मूल निळं पडतं."

मी म्हटलं, "आहे, साहेब. माझंच आहे."

साहेबांनी नळी खाली ठेवली. 

माझा विश्वास बसेना. बाटलीवरचा नंबर चुकला असेल, वाटी धुतलेली नसेल, माझ्या हातून काय काय चुकू शकतं याचा मला दांडगा अनुभव होता. मी ते पाणी पुन्हा वाटीत घेतलं, पुन्हा वाफेवर ठेवलं आणि या वेळी तिथंच उभा राहून बघत बसलो. पाणी कमी होत होतं. कडेला पांढरी रेघ उठत होती. पाणी खाली जाई तशी रेघेखाली दुसरी रेघ. अशा रेघा मी कुठंतरी पाहिल्या होत्या. कुठं, ते आठवायला वेळ लागला नाही. अक्कांच्या जर्मनच्या पातेल्यात.

म्हणजे इथं वाफेवर मी जे करत होतो, तेच अक्का चुलीवर करत होत्या. पाणी उडत होतं आणि बाकी सगळं खाली राहत होतं. निम्मं आटवलेल्या पाण्यात दुपटीनं दाट. आणि ते, स्वच्छ बाटलीत, वेळच्या वेळी, प्रेमानं.

दुसरी नळीही तशीच पिवळी झाली.

खोलीवर आलो. घरात कॅन होता, गोडेतेलाचा. मेहुणा म्हणतो ते खरंच आहे. गरम पाणी आणि सोड्यानं घासघासून धुतला, नळाखाली धरला आणि मिळाली ती एसटी पकडली. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे त्यात?" मी म्हटलं, पाणी. तो म्हणाला, "कुठं, वाळवंटात चालले का?" फाट्यावर उतरलो तर पानटपरीवरची माणसं.

"जयभीम, पाव्हणे! रॉकेल का?"

"नाही, पाणी."

"पानी? आबाच्या घरी? पानी?" आणि जो हशा उठला, तोच आजवर मांडवांत ऐकू येतो आहे.

मी पोहोचलो तेव्हा विहिरीवर बायकांची गर्दी होती आणि आबा खाटेवर. कॅनकडं त्यांनी पाहिलं, विचारलं नाही. अक्कांनी तांब्या आणून दिला. मी प्यालो. तहानही लागली होती.

"कसं हाये?" आबा म्हणाले.

"गोड आहे, आबा."

रीत झाली. आता बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "आबा, घरात चला. थोडं बोलायचंय."

घरात बायको पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. अक्का चुलीपाशी, पातेलं चुलीवर. मी सरळ सांगायचं ठरवून आलो होतो, पण जवायाच्या तोंडाला सासरी कुलूपच असतं. मी मातीपासून सुरुवात केली. मग युरिया. मग गिरमिट. आबा म्हणाले, "पाव्हणे, मुद्द्यावर या."

"हे पाणी पोरीला द्यायचं नाही."

"कोनतं पानी?"

"विहिरीचं."

चुलीत लाकूड तडतडलं. आबा म्हणाले, "कोनी सांगितलं?"

"मीच तपासलं. दोनदा."

आबा भिंतीला टेकले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हे पानी चालत नही, असं मी ऐकेल हाये, पाव्हणे. लहानपनापासून ऐकेल हाये. पन ते दुसऱ्यायच्या तोंडून. आपल्या घरात, आपल्या मानसाच्या तोंडून ऐकायचं राह्यलं व्हतं."

मी कॅन दाराजवळ सरकवून ठेवला. 

अक्का मधे आल्या. "पन मी कच्चं देते का? चांगलं आटवते. अर्धं करते. रोगराई मरते त्यानं."

"रोगराई मरते, अक्का. हे मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि हे पातेल्यातच राहतं. जेवढं आटवाल तेवढं दाट होतं."

अक्कांनी पदरानं धरून पातेलं खाली उतरवलं आणि आत बघितलं. मग कडेची पांढरी रेघ नखानं खरवडली. ती सुटून नखाखाली आली. त्यांनी ते बोट उजेडात धरलं. "मंग मीच..." म्हणाल्या. पातेलं उचलून मागच्या दारी गेल्या. राखेनं घासल्याचा आवाज येत राहिला, फार वेळ.

आबा उठून कॅनपाशी गेले. बूच उघडून वास घेतला. "याले तं औषधाचा वास येते."

"येतो."

"हे चांगलं?"

"पोरीसाठी."

"आनि माह्या इहिरीचं, काचेवानी पानी, ते वाईट?"

"तुमच्या आमच्यासाठी नाही, आबा. तिच्यासाठी."

"कोनी टाकलं त्यात? आमी तं काही टाकलं नही."

मी काही बोलण्याआधी बायको बोलली. "टाकलं ना, आबा. केळीले युरिया कोन टाकते? आपनच टाकतो. वरच्या मळ्यातले टाकतात, आपन टाकतो." मग ती भिंतीला धरून उठली.  तिनं पोरीचा हात आबांच्या तळहातावर ठेवला. "तुमची इहीर खोटी नही. पन ही नखं पाहा."

आबांनी चष्मा लावला. त्या जांभळ्या नखांशेजारी आपला अंगठा ठेवून ते बघत राहिले. मग पोरीचा हात अलगद परत दिला आणि बाहेर निघून गेले. बायकोनं कॅनमधलं पाणी उकळलं, नुसतं उकळलं, गार केलं आणि बाटली भरली. पोर पीत होती तेव्हा बाहेरचा पंप बंद झाल्याचा आवाज आला.

गुरुवारी जळगावच्या डॉक्टरांनी पोरीच्या टाचेतून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. मी पाण्याचं सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं आज." हृदय नीट होतं. पाणी बदललंत ते चालू ठेवा, पोरीला थोडे दिवस इथं दवाखान्यात ठेवून घेतो, लक्ष ठेवू, म्हणाले. ते दिवस मी सांगत नाही. पहिल्यांदा ओठ उजळले, मग नखं. मग एका दुपारी ती अशी काही रडली की शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली आणि आम्ही दोघं हसायला लागलो. रंग शेवटी माझाच निघाला. आई म्हणाली होती ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पंपाचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी बाहेर गेलो तेव्हा आबा खाटेवर नव्हते, तोटीपाशी उभे होते. बायका अर्धे हंडे घेऊन खोळंबलेल्या. एकीच्या कडेवर तान्हं पोर होतं. आबा तिला विचारत होते, "याले काय पाजते, बाई? अंगावरचं का वरचं?"

"वरचं. कायले?"

"मंग याच्यासाठी अठचं, इहिरीचं, नको नेऊ."

ती बाई ज्या घरची होती, त्या घरचे लोक एकेकाळी आबांच्या आईला बसवून ठेवत. ती म्हणाली, "आबा, आता तुमी आमाले पानी नही म्हनता का?"

आबा तोटीला धरून उभे राहिले. मला वाटलं, आता ते बोलतील. एवढ्या वर्षांचं बोलतील. त्यांनी पंप पुन्हा सुरू केला, तिचा हंडा भरून दिला आणि म्हणाले, "हे तुमा मोठ्यायले. पोरासाठी मी देतो."

आणि दिलं. गावच्या नळाला नदीचं पाणी येई, तेही कधीतरी, कधी पहाटे. त्याचा आबांनी वेगळा रांजण भरून ठेवायला सुरुवात केली. झाकण, त्यावर फडकं, वर ओगराळं. वरच्या दुधावरची पोरं असलेल्या घरांना त्यातलं. नळाला आलं नाही की मी एसटीनं कॅन नेत असे. फाट्यावर आबा स्वतः उभे असत. माझ्या खांद्यावरचा कॅन काढून आपल्या खांद्यावर घेत. मी नको म्हटलं की म्हणत, "लोक तुमाले हासतात. मले हासू द्या."

कुणी म्हणे, जवायानं सासऱ्याच्या विहिरीला नाव ठेवलं. कुणी म्हणे, आबाला आता पाणी देणं जिवावर आलं, म्हणून हे नाटक. साहेबांचा अहवाल वर गेला आणि वरच राहिला. आबांनी युरिया कमी केला, हात आखडून आखडून. पहिल्या पिलबागेत, म्हणजे जुन्या खोडांच्या पिलांवर, घड लहान आले तेव्हा शेजारच्या मळेवाल्यानं बांधावरून विचारलं, "काय आबा, केळी काय उपास करू राह्यल्या?" वरच्या मळ्यांत गोण्या तशाच पडत होत्या, आणि पाणी वरून खाली येतं. मी दर वर्षी बाटली भरून नेई. नळी दर वर्षी पिवळी. आबा विचारत, "काही फरक?" मी म्हणे, "थोडा." दोघांनाही ठाऊक असे.

एक मात्र झालं. पाहुण्याला तांब्या देणं चालू राहिलं, पण "कसं हाये?" हे आबांनी विचारणं सोडलं. नवं माणूस आपणहून म्हणे, वा, काय गोड पाणी आहे हो. आबा मान हलवत आणि चहा ठेवायला सांगत.

पोर शाळेत जाऊ लागल्यावर एका मे महिन्यात आम्ही गेलो. फाट्यापासून चालत आलेली, घामानं निथळलेली, ती सरळ विहिरीपाशी पळाली आणि तोटीखाली ओंजळ धरली. आबा लिंबाखाली होते. पटकन उठले. तांब्या हातात होता, भरला. आणि तिला देण्याआधी त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"चालंल?"

ज्या माणसानं कुणाला विचारावं लागू नये म्हणून दगड फोडले होते, तो आपल्या विहिरीचं पाणी आपल्या नातीला द्यायला मला विचारत होता.

"चालेल, आबा. मोठी झाली आता."

त्यांनी तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली, फ्रॉकला तोंड पुसलं आणि केळीच्या बागेत पळाली. आबा रिकामा तांब्या हातात धरून ती गेली तिकडं बघत उभे होते. मी वाट बघत होतो, पण त्यांनी काही विचारलं नाही.